मागच्या चाकातली हवा

माय, काल मी सायकल घेतली. शाळेतली नोकरी संपली, कंबरेचे मणके झिजलेत, आणि डॉक्टर म्हणाले सायकल चालवा, फक्त पाठीला दणके बसू देऊ नका. जालन्याचे रस्ते आणि दणके न बसणारी सायकल! मलाच हसू आलं. तरी मस्तगडच्या एका दुकानात गेले. दुकानदार माझ्याहून दहा वर्षांनी मोठे असतील. त्यांनी आधी मागे-पुढे दोन्हीकडे शॉकअप असलेली जाडजूड सायकल काढली. तिच्यावर बसले तर झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटलं. म्हटलं, हीच द्या. ते म्हणाले, "ताई, बसायला गादी हाय, पण चालवायला भारी. तुम्ही पाय मारला की अर्धी ताकद तिची स्प्रिंगच खाती. पुढं शॉकअप, सीटखाली स्प्रिंग आन् चाकं रुंद, एवढं तुमच्या कंबरेला बराबर." मग दुसरी सायकल पुढे करून त्यांनी मला हँडलवर भार द्यायला लावला. पुढचा शॉकअप बोटभर खाली गेला आणि सावकाश वर आला, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

गल्लीत एक फेरी मारून आले आणि म्हटलं, मागून अजून लागतंय. त्यांनी वाकून मागच्या चाकातली थोडी हवा सोडली. "आता नरम चालंल. फक्त पायाला जड जाईल. पहिले आजारी माणूस कॅरेजवर न्यायचा असला की लोक असंच करायचे. बसणाऱ्याला आराम, चालवणाऱ्याला घाम."

तो फुस्स आवाज ऐकला आणि माय, मी त्या दुकानात राहिलेच नाही.

मी केदारखेड्यात आहे, आठ-नऊ वर्षांची. तू तिथली नर्सबाई. वाड्यावस्त्यांवरच्या बाळंतिणी आणि लेकरं बघत तू दिवसभर सायकलवर, आणि मी शेजारणीच्या ओट्यावर तुझी वाट बघत. त्या दिवशी माझ्या पोटात उजवीकडे कळ उठलेली. तू बोटांनी दाबतेस, एकदम सोडतेस, आणि मी किंचाळायच्या आधीच तुझा चेहरा बदलतो. बस निघून गेलेली, गावातली एकुलती जीप वऱ्हाड घेऊन गेल्ती. तू गोधडीची घडी कॅरेजवर बांधतेस, मला बसवतेस, मागच्या चाकापाशी वाकतेस, आणि तोच आवाज येतो.

"माय, हवा गेली!"

"जाऊ दे. मला घट्ट धर."

भोकरदनच्या दवाखान्यापर्यंतचा तो रस्ता अजून स्वप्नात येतो. ऊन पांढरंफेक, दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, जणू आपण जमिनीवरून जातच नव्हतो, कुठल्यातरी ढगाच्या कडेकडेनं सरकत होतो. खड्डा दिसला की तू पायडलवर उभी राहायचीस आणि न वळता म्हणायचीस, "आता खड्डा हाय, श्वास सोड." मी श्वास सोडायचे. दुसऱ्या सायकली आपल्याला मागे टाकून जायच्या. एक म्हातारा ओरडला, "बाई, चाकात हवा न्हाई!" तू म्हणालीस, "माहीत हाय, बाबा." तुझं पातळ पाठीला चिकटलेलं. मी रडत म्हणते, "जल्दी चालव ना." तू म्हणतेस, "जल्दी न्हाई जायचं. हळूच जायचं." त्याच संध्याकाळी माझं अपेंडिक्स काढलं.

एवढंच असतं तर लिहायला बसले नसते. पुढं सतरा वर्षांची झाले, जालन्याला कॉलेजात जायचं म्हणून तुझ्याशी भांडले. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. मी म्हणाले, "लोकांच्या लेकरांसाठी तुझे पाय जल्दी चालतात. माझं पोट फुटायची वेळ आल्ती तेव्हा रमतगमत चालवत होतीस." तुझा हात भाकरीवर थांबला. वाटलं, आता तू उठशील आणि एक ठेवून देशील. तू नुसतं म्हणालीस, "आसंल बाई." भाकरी तव्यावर टाकलीस, वरून पाण्याचा हात फिरवलास. आठवड्याभरानं मला कॉलेजात घातलंस. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही, आणि तू गेलीस तेव्हा मी तिशीचीही नव्हते. इतकी वर्षं मला वाटत राहिलं की तू दमली होतीस, म्हणून हळू चालवलंस. हवा तूच सोडलीस हे डोळ्यांनी पाहिलं होतं, पण का, ते एका सायकलवाल्यानं सांगावं लागलं.

आज सकाळी मोती तलावाच्या बाजूनं सायकल घेऊन गेले. पाण्यावर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. मागच्या चाकातली हवा तशीच कमी ठेवलेली. दणके बसले नाहीत, पण दहा मिनिटांत पोटऱ्या भरून आल्या. माझी कॅरेज तर रिकामी होती, माय. तू मला घेऊन अख्खा रस्ता सायकल ओढलीस, आणि खड्ड्याखड्ड्याला उभी राहिलीस.

हे लिहिलेलं वहीतच राहील, कुठल्या पत्त्यावर टाकणार? पण एक गोष्ट मी तेव्हाही सांगितली नव्हती. त्या दिवशी वाटेतल्या नदीवरचा पूल ओलांडल्यावर माझं दुखणं जरा कमी झाल्तं. सांगितलं असतं तर तू खड्ड्याखड्ड्याला माझ्याशी बोलायची थांबली असतीस.