वरच्या फळीवरचे उंदीर

३ फेब्रुवारी

सून आज धावतच घरात शिरली — चपला उंबऱ्यातच! चौदा महिने ती प्रयोगशाळेत कांद्याच्या सालींतून एक पिवळे द्रव्य काढून उंदरांना पाजते आहे. सर्वांना भरपूर चरबीचा आहार. निम्म्यांना द्रव्य, निम्म्यांना नुसते पाणी. पाण्यावरच्या उंदरांच्या धमन्यांत चरबीची पुटे चढून त्या कडक झाल्या. द्रव्य घेणाऱ्यांच्या बऱ्याच मऊ राहिल्या.

"आई, निम्म्याहून कमी पुट! निम्म्याहून कमी!"

मी अभिनंदन केले. मग चष्मा पुसला.

"झालं! चष्मा पुसला म्हणजे माझी धडगत नाही."

चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवल्यावर एवढी ख्याती उरणारच.

४ फेब्रुवारी

न्याहारीच्या वेळी विचारले, "द्रव्याखेरीज दोन्ही गटांत दुसरा कोणताही भेद नव्हता, हे कशावरून?" आहार तोच, वय तेच, पिंजरे तसेच. "ठेवले कोठे होते?" तिने वर्तमानपत्राच्या कडेवर फळ्या काढल्या. घोटाळा होऊ नये म्हणून द्रव्याचे सगळे वर, पाण्याचे सगळे खाली. खाली पिंजरे धुण्याचे यंत्र — दिवसभर धडधडणारे.

पेन्सिल थांबली. "अगं बाई!"

सततच्या भेदरण्याने धमन्या बिघडतात, हे मला पूर्वी तिनेच सांगितले होते. मग श्रेय द्रव्याचे की शांततेचे? दोन्ही अनुमाने एकाच पुराव्यावर उभी. नीटनेटकेपणानेच घात केला!

५ फेब्रुवारी

ती जेवली नाही. विभागप्रमुख म्हणाले म्हणे, "लेख पाठवून द्या, फळ्या कोण विचारतो?" तिचा करार डिसेंबरात संपतो, पुन्हा प्रयोग म्हणजे सोळा आठवडे. निकाल टिकला नाही, तर हाती काहीच नाही.

मुलगा म्हणाला, "आई, लोकांकडे सुनेला सासुरवास असतो. आपल्याकडे उंदरांनासुद्धा!" हसू आले, पण झोंबलेही. माझा आक्षेप योग्य होता. योग्य असणे पुरेसे आहे काय?

संध्याकाळी ती माझ्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणाली, "दुसरं कुणी विचारणार नाही, पण तुम्ही विचारलंत ना? पुन्हा करते."

२० फेब्रुवारी

नवे उंदीर. पिंजऱ्यांवर केवळ क्रमांक. प्रत्येक पिंजऱ्याची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवली. बाटल्या औषधशाळेतल्या बाईंनी भरल्या, दोन्ही सारख्याच पिवळ्या. कोणत्या क्रमांकाला काय, ती यादी बंद पाकिटात — आणि पाकीट माझ्या कपाटात. बाई म्हणाल्या म्हणे, "सासूबाईंच्या कपाटाला हात लावायची कुणाची छाती आहे?"

घराच्या किल्ल्या सुनेच्या हाती देऊन सहा वर्षे झाली. आता तिने मला प्रयोगाची किल्ली दिली!

११ एप्रिल

पाकीट खिडकीच्या उजेडात धरून पाहिले. काही दिसले नाही. लाज वाटली.

१५ जून

सर्व मोजमापे फळ्यावर लिहून झाल्यावरच मी पाकीट फोडले. बाईंनी क्रमांक वाचले, सुनेने खडूने खुणा केल्या.

फरक पूर्वीच्या निम्माच. पण आहे! वर आहे, खाली आहे, यंत्राजवळ आहे, यंत्रापासून दूर आहे!

तिने सर्वांदेखत मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला. उंदरांवरून माणसांविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हे मी त्याच अवस्थेत नमूद केले. कोणीही ऐकले नाही. योग्यच केले.

२१ नोव्हेंबर

माणसांवरील छोट्या चाचणीला परवानगी मिळाली! तिचा करारही वाढला. सत्तरीपुढचे, धमन्या अरुंद झालेले स्वयंसेवक हवे आहेत. मी लगेच अर्ज भरून तिच्या टेबलावर ठेवला.

२२ नोव्हेंबर

अर्ज परत. "संशोधकाच्या सासूबाई चालत नाहीत. आक्षेप मान्य?"

मान्य.

पण ती उठली नाही. 'आजार' या रकान्यात मी मानेतील धमनीविषयी खरे ते लिहिले होते. निदानाची तारीखही, दोन वर्षांपूर्वीची. तिने ती ओळ दोनदा वाचली.

"आई! पुरावा दडवलात?"

हाही आक्षेप मान्य. उद्या नऊ वाजता ती मला डॉक्टरांकडे नेणार आहे.