रोहिणीनं सायकल हलकी केली

चि. जोतीरामास आईचा पोटभर आशीर्वाद.

हितं लोणी देवकरला आमी आजी-नात मजेत हाय. गाय व्याली का? सूनबाईला म्हणावं, खरवस एकटीनं संपवू नको.

फोनवर तुझी रोहिणी शेजारीच असती, म्हणून लिवते. कंपनीत लवकर पोचायला नवी सायकल पायजे, पर परवडंना. तवा तिनं जुनीलाच बारीक टायर घातलं आन कॅरेज, मडगार्ड, घंटी समदं काढून टाकलं. म्हणली, "आज्जे, हलकी झाली की वाऱ्यागत पळती." मी म्हणलं, "मग ब्रेकबी काढ की." पर खरं सांगते, हरणीवानी पळती. बघून माझा ऊर भरतो.

पर रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लई. परवा एक घासून गेली. पोरीचं कोपर जरा खरचटलंय, तू घोर लावून घेऊ नको. मी मातर सांजंला दारातनं हलत न्हाय.

आपल्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटी माळ्यावर हाय, ती धाडून दे. रोहिणी नको म्हणली तरी मी हँडलला बांधणार. ट्रॉलीवाल्याला न्हाय आली ऐकू, तरी पोरगी वळणावर आल्याली मला तर कळंल.

वाट बघणारी,
तुझी आई सारजा