सहा खिडक्यांचे ब्लाइंड्स

१२ जुलै, शनिवार. सकाळी ९.

निर्णय झाला. घरातले सगळे पडदे काढायचे. सहाही खिडक्यांना ब्लाइंड्स. पडदे म्हणजे धूळ, धुणं आणि इस्त्री. ब्लाइंड म्हणजे एक दोरी. ओढली की काम खतम.

बायकोचं, विनोदिनीचं म्हणणं, आधी प्लंबर बोलवा. बेडरूमच्या खिडकीखाली सीलन, म्हणजे ओल, आली आहे, ती गच्चीवरच्या पाइपामुळे. मी म्हटलं, पावसात प्लंबर मिळत नसतो. आणि ब्लाइंड जमिनीपर्यंत घेतला तर डाग दिसणारच नाही. मग प्लंबर कशाला?

ती खोकली फक्त. तिला जुना दमा आहे, पण नावापुरता. पंप कपाटात पडून असतो.

छत्तीस वर्षं सरकारी खात्यात खरेदी विभाग सांभाळला. सहा ब्लाइंड्सचं ते काय.

१४ जुलै, सोमवार.

देवास गेटजवळच्या दुकानात गेलो. मालक सुमीत. तिशीचा आहे, पण उपदेश सत्तरीचा. पहिलाच प्रश्न, "अंकल, कमरे में सीलन तो नहीं है?"

मी म्हटलं, किंचित.

तो म्हणाला, "फिर कपड़ा मत लगाना. लकड़ी भी नहीं. किचन-बाथरूम में पीव्हीसी, बेडरूम में पॉलिएस्टर का रोलर, गीले कपड़े से पोंछ लो. और दीवार से थोड़ा हटाके, हवा चलनी चाहिए."

त्याला समजावलं की हे उज्जैन आहे. माळव्याची हवा कोरडी. दमट दिवस मोजून दहा-बारा. त्या दहा दिवसांसाठी बाकीचं वर्ष प्लास्टिक बघत बसायचं का? तो हसला. कॅटलॉग माझ्याकडे सरकवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मुद्दा पटला असावा.

१५ जुलै, मंगळवार. दुपार.

स्पेसिफिकेशन तयार. बैठकीच्या दोन्ही खिडक्यांना बांबूच्या चिका, म्हणजे काड्यांचे पडदे; आमच्या घराण्याला शोभेल असं काहीतरी हवं. स्वयंपाकघरात खऱ्या लाकडाच्या पट्ट्या. मागच्या खोलीत, म्हणजे निहारिका माहेरी येते तेव्हाच्या खोलीत, ज्यूट. बेडरूमला जाड सुती कापड, मागं डबल अस्तर, भिंतीला घट्ट चिकटून, छतापासून जमिनीपर्यंत. एक किरण आत येता कामा नये. बाथरूमबद्दल सुमीत हटूनच बसला, म्हणून तिथं पीव्हीसी. एक खिडकी त्याच्या मनासारखी. माणसानं उदार असावं.

विनोदिनीला कागद वाचून दाखवला. तिनं विचारलं, "अहो, मग बेडरूमची खिडकी उघडायची कशी?" मी म्हटलं, उघडायची कशाला? पंखा आहे की.

१९ जुलै, शनिवार.

आज ब्लाइंड्स लागले. सुमीतच्या कारागिरानं बेडरूमच्या भिंतीला हात लावला, बोटं चोळली आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "साब, ये दीवार पसीज रही है." भिंती पावसात पाझरतातच. मी म्हटलं, लगाओ.

लावण्याआधी डागाच्या कडेनं पेन्सिलनं रेघ मारून ठेवली. तारीख घातली. म्हणजे डाग वाढत नाही, हे पुराव्यानिशी सिद्ध करता येईल.

घर एकदम बदललं. रुबाबदार. जरा अंधार आहे, पण तो रुबाबाचाच भाग.

२७ जुलै, रविवार.

आठ दिवस सूर्य नाही. हे नेहमीचं नव्हे. क्षिप्रेला पूर आहे, राम घाटावरची लहान देवळं पाण्यात गेली म्हणतात. वर्षं अशीही असतात.

स्वयंपाकघरातल्या पट्ट्या थोड्या वळल्या आहेत. वरच्या चार एकीकडे, खालच्या सहा दुसरीकडे. विनोदिनी म्हणाली, कुकरच्या वाफेनं. मी तिला म्हटलं, कुकर खिडकीपासून लांब ठेवत जा. तिनं ओट्याच्या दुसऱ्या टोकाला शेगडी सरकवली. आता भाजी चिरताना ती आपल्याच सावलीत उभी असते.

बेडरूमचा ब्लाइंड उत्तम.

५ ऑगस्ट, मंगळवार.

डाग तपासला. ब्लाइंड बाजूला करून बॅटरीच्या उजेडात बघितलं. पेन्सिलची रेघ सापडेना. मग सापडली. डागाच्या आत, चांगली वीतभर खाली.

रेघ मारताना घाई झाली असणार. ब्लाइंड पुन्हा नीट चिकटवला. कापड जड लागलं हाताला, ओल्या टॉवेलसारखं. चांगलं कापड जडच असतं.

विनोदिनीचा पंप आता उशाशी असतो. कपाट लांब पडतं म्हणे.

९ ऑगस्ट, शनिवार.

तिनं सुचवलं की बाजू बदलून झोपू या. खिडकीकडची बाजू गार लागते. मी नाही म्हटलं नाही. फक्त माझ्या गुडघ्याची आठवण करून दिली. दाराकडची बाजू मला सोयीची. तीच म्हणाली, राहू द्या.

खोलीला वास येतो, असंही म्हणाली. मला येत नाही. मला सर्दी आहे, ती गोष्ट वेगळी.

निश्चय : रोज संध्याकाळी उदबत्ती. दोन.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.

निहारिका ईराला घेऊन इंदूरहून आली. ईरा पाच वर्षांची, जिथं हात घालू नये तिथं घालणारी. दुपारी बेडरूमच्या ब्लाइंडमागं लपली आणि आतूनच ओरडली, "आजी, इथं तारे आहेत! काळे काळे!"

निहारिकानं तिला ओढून बाहेर काढलं. फ्रॉकवर, कोपरावर काळे ठिपके. मग माझ्या लेकीनं ब्लाइंड खसकन बाजूला केला आणि भिंत वरपासून खालपर्यंत बघितली.

म्हणाली, "बाबा, हे फंगस आहे. आई याच्यापासून हातभर अंतरावर झोपते."

मी सांगितलं की पावसाळ्यात सगळ्या घरांत असतं. चपलांना येतं, लोणच्याला येतं.

"लोणचं फेकतो आपण," ती म्हणाली.

तिचा स्वभाव तिच्या सासरी बिघडला आहे.

१७ ऑगस्ट, रविवार.

निहारिकाचा हट्ट, आईला इंदूरला घेऊन जाते, तोवर तुम्ही घर वाळवा. विनोदिनीनं बॅगही काढली होती. मी फक्त एवढंच म्हटलं की ३१ तारखेला मंडळात गणपतीचा कार्यक्रम आहे. बावीस वर्षं पहिलं पद तीच गाते. लोक काय म्हणतील? आणि मी जेवायचं कुठं?

विनोदिनीनं बॅग परत वर ठेवायला दिली. मीच ठेवली. निहारिका जाताना माझ्या पाया पडली नाही. ईरानं लांबूनच टाटा केलं. तिला खोकला होता. गाडीचा वारा लागला असेल.

२२ ऑगस्ट, शुक्रवार.

बैठकीतल्या चिकांवर हिरवट पावडर. शेजारच्या विजयावहिनी आल्या होत्या, सोफ्यावर बसता बसता उठल्या. मी म्हटलं, नैसर्गिक मटेरियल आहे, श्वास घेतं. त्यांनी विनोदिनीकडे बघितलं. ती दाराला टेकून उभी होती. चहाचा ट्रे आणताना मध्ये थांबली होती.

सुमीतला फोन केला. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "अंकल, सब उतार दो. आज ही. खिड़की खोल दो."

मी विचारलं, वॉरंटी आहे का. तो म्हणाला, "आंटी कैसी हैं?"

विषय बदलण्यात हुशार आहे.

३१ ऑगस्ट, रविवार. रात्री ८.

कार्यक्रम झाला.

विनोदिनीनं पहिली ओळ छान उचलली. दुसऱ्या ओळीला थांबली. लोकांना वाटलं, विसरली. पेटीवाल्यानं पुन्हा सूर दिला. तिनं तोंड उघडलं, पण आवाज नाही, नुसती शिट्टीसारखी हवा. मग ती हात जोडून उठली आणि बाजूला जाऊन बसली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. दोघा-तिघांनीच.

माईक खराब होता. अध्यक्षांना तसं सांगितलं. ते हो म्हणाले. त्यानंतर त्याच माईकवर चौघे गायले.

रिक्षात विनोदिनी म्हणाली, "अहो, मला घरी नाही जायचं."

मी म्हटलं, मग कुठं जायचं या वेळी?

ती म्हणाली, "चला."

३ सप्टेंबर, बुधवार.

सकाळी सातला चहा घेऊन गेलो. (हल्ली मीच करतो.) ती पलंगाच्या कडेला बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. खांदे वर-खाली. पंप जमिनीवर पडलेला. मी उचलून दिला. तिनं मान हलवली. रिकामा.

ओठ निळे दिसले. अंधार होता, म्हणून वाटलं असेल. ब्लाइंड वर करायला गेलो. दोरी हातात आली, ब्लाइंड जागचा हलला नाही.

विजयावहिनींच्या मुलानं, तुषारनं, गाडी काढली. रस्ताभर मी तिला सांगत होतो की लांब श्वास घे. ती माझ्याकडे बघत होती. काही सांगायचं असावं.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई तरुण, मराठीच निघाल्या. मला विचारलं, "घरात ओल आहे का? बुरशी? झोपायच्या खोलीत?"

मी नाही म्हटलं.

का म्हटलं, माहीत नाही. तोंडातून तेच आलं.

विनोदिनीचे डोळे मिटलेले होते. तिनं फक्त हात उचलला आणि हवेत आडवी रेघ ओढून दाखवली. खांद्याच्या वर. एवढी.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघून लिहून घेतलं. मग पुढचे सगळे प्रश्न तिलाच विचारले. माझ्याकडे वळल्याच नाहीत.

५ सप्टेंबर, शुक्रवार.

ती बरी आहे. बसते. पेज घेतली.

डॉक्टरीणबाईंनी निहारिकाला बाहेर नेऊन सांगितलं, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर. वाक्य पुरं केलं नाही. मी बाकावरच होतो. मला सांगितलं नाही, पण ऐकू आलं.

८ सप्टेंबर, सोमवार.

डिस्चार्ज. निहारिकानं गाडी थेट इंदूरच्या रस्त्याला लावली. आमच्या माधव नगरच्या घरी, कपडे घ्यायलासुद्धा, आली नाही. म्हणाली, "त्या घरातला एक कपडा मला नको."

विनोदिनीनं खिडकीतून हात बाहेर काढला. मी धरला. म्हणाली, "तुम्ही पण त्या खोलीत झोपू नका." एवढंच.

तिला माझी काळजी वाटते, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो. मला ते नंतर वाचावंसं वाटेल.

१० सप्टेंबर, बुधवार.

सगळे ब्लाइंड्स उतरवले. एकट्यानं. चिका मोडल्या. लाकडी पट्ट्या सर्पणात. ज्यूट हातात घेतलं तर धूळ झाली.

बेडरूमचा शेवटी काढला. कापड भिंतीवरून सुटताना आवाज आला, चिकटपट्टी ओढल्यासारखा. मागून अस्तर पूर्ण काळं. भिंत खिडकीच्या वरपर्यंत काळी. आणि तिच्या उशीच्या उंचीला तो काळा रंग जास्तीच दाट, केसाळ. तिथं बोट लावलं तर ओलं, मऊ लागलं. पहिल्यांदा वास आला. इतका की बाहेर जाऊन ओटीवर बसलो.

त्या बाजूला ती सात आठवडे झोपली. ती म्हणाली होती, बाजू बदलू या.

मी म्हटलं होतं, गुडघा.

याला कारण देता येईल का, हे दुपारभर बघितलं. नाही मिळालं.

१४ सप्टेंबर, रविवार.

प्लंबर आला. पाऊस चालू असतानाच आला, फोन केल्यावर दोन तासांत. गच्चीवरच्या पाइपाचा एक जोड निखळला होता. वीस मिनिटांचं काम. भिंत मात्र, म्हणाला, उन्हाळ्यापर्यंत सुकेल. "साब, बस खिड़की खुली रखना."

२१ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळ.

इंदूरला फोन. ईरानं उचलला आणि "आजीला देते" म्हणून पळाली. माझ्याशी बोलली नाही.

विनोदिनीचा आवाज मोकळा वाटला. काल निहारिकाचे दोन जिने न थांबता चढली म्हणे. मी म्हटलं, छान, मग आता येऊ शकतेस. पाइप झाला, ब्लाइंड गेले, घर एकदम लख्ख आहे.

ती म्हणाली, "अहो, मला तिथं यायची भीती वाटते."

लग्नाला अडतीस वर्षं झाली. कधी कशाला भ्यायली नव्हती. किंवा सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, भिण्यासारखं काही उरलं नाही. सगळ्या खिडक्या सताड उघड्या आहेत.

"बेडरूमची?"

"तीपण."

"मग बघू," ती म्हणाली. आवाजात थोडी खुशी होती.

फोन ठेवला आणि बेडरूमची खिडकी उघडायला गेलो. जुलैपासून बंद होती. चौकट पाण्यानं फुगून बसली आहे. खांदा लावला, हातोडी मारली, तेल सोडलं. हलली नाही.

सुताराला फोन केला. त्यानं विचारलं, कौन सी तरफ की खिड़की? मग म्हणाला, ऐसी तो तोड़नी पड़ती है. मी म्हटलं, तोडो. तो म्हणाला, दशहरे के बाद.

विनोदिनीला अजून सांगितलेलं नाही.