गळा घेऊन होळीला ये

सोबती सावळाराम यास, वाडीवरनं चिमाजीचा रामराम.

नलूला आन् जावईबापूंना आशीर्वाद. तुझी तब्येत कशी हाय? गुडघ्याचं विचारत न्हाई, आपल्या वयाला गुडघं कुणाचं बरं असत्यात. गळ्याचं विचारतोय. सारोळ्याला लेकीकडं ऱ्हायला गेलास तवापासनं मला एकच घोर, की त्या हायवेच्या धुरानं तुझा आवाज बसतोय का काय. रोज कोमट पाण्यात हळद-मीठ घालून गुळण्या कर. हसू नगंस, कारण हाय.

हितं सगळी खुशाल. आमचा कुमार सरपंच झालाय, ते कळलंच असंल (भोरच्या बाजारात त्याचा हात जोडलेला फोटो लागलाय, घरी बापाला कधी जोडलं न्हाईत). पोरगं वाईट न्हाई. रस्ता केला, दिवं लावलं, आन् मोबाईलवर गावाचा ग्रुप काढला. म्हणला, आबा, आता ज्याला जे बोलायचं ते त्यानं घरबसल्या बोलावं. मला लई बरं वाटलं. बोलणं काय, तर सकाळी फुलं, दुपारी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, सांजच्याला परत फुलं. मग वरच्या आळीच्या बाळाबाईनं नळाच्या पाण्याचा फोटो टाकला. टाकीला चीर गेलीय, नळाला चहाच्या रंगाचं पाणी येतंय, आन् म्हातारी या वयात ओढ्याच्या झऱ्यावरनं हंडा आणतीय. फोटोखाली लोकांनी धडाधड अंगठं लावलं (बघतंय कोण, फुलंच असत्याल म्हणून लावत्यात). कुमार मातुर तापला. म्हणला, ही गावाची बदनामी हाय, पाणी चांगलं हाय. बाळाबाईला काढलं ग्रुपातनं. म्या लिवलं, फोटो खरा हाय, पाणी म्या डोळ्यांनी बघितलंय. तर मलाबी काढलं! सावळ्या, तवा आमी बापलेक एका पंगतीत जेवत व्हतो रं. डाव्या हातानं बापाला काढलं आन् उजव्या हातानं आमटी वरपली. सूनबाई शेफाली वाढता वाढता हळूच म्हणाली, मामंजी, तुमाला काढलं वाटतं. म्या म्हणलं, असू दे, भाकरी वाढ.

आता ग्रुपात एकटा कुमारच बोलतो, बाकीच्यांनी वाचायचं. म्या इचारलं, ही कसली लोकशाही? तर म्हणतो, बोलायचं तर ग्रामसभेत बोला. अरं, ग्रामसभेत सह्या आदी आन् सभा मागनं, आन् बाळाबाई उठून उभी ऱ्हाईपातूर चहा येतो!

त्या दिवसापासनं मला आपली होळी सारखी आठवाय लागलीय. वर्षातनं एक सांज, पण काय सांज व्हती! होळी पेटली की ज्याला जे सलतंय त्यानं नाव घिऊन, उलट्या हातानं तोंडावर मारून बोंब ठोकायची. ज्याच्या नावानं बोंब पडली त्यानं रागवायचं न्हाई. उलट धुळवडीला सकाळी त्या बोंबलणाऱ्यालाच घरी पाटावर बसवायचं आन् शिळी पुरणपोळी दुधात कुस्करून खाऊ घालायची. आन् भावकीतल्यानं भावकीची बोंब मारायची न्हाई, ते घरचं भांडण धरत्यात. मारायची ती परक्यानं. म्या सरपंच असताना तू कसा उभा ऱ्हायलास, अजून डोळ्यापुढं हाय. "सरपंचाच्या दारी फरशी, आमची वाट चिखलात कशी!" आन् मग ती बोंब! पार पल्याडच्या डोंगरावरची कुत्री भुकली. माझी रत्ना (ती असती तर कुमारला तिनंच सरळ केला असता) तोंडाला पदर लावून हसत व्हती, माझीच बायको! दुसऱ्या दिवशी पाटावर बसून तू पातेलं रिकामं केलंस, वर तूप मागितलंस. लई राग आलता तुझा. पण खरं सांगू, तू बोंबललास म्हणून मला चिखल कळला. गप बसून मत दुसऱ्याला दिलं असतंस तर निवडणुकीत पडल्यावर कळला असता. पाडव्याच्या आत वाटेवर मुरूम पडला. गेलं रं ते दिवस.

औंदा कुमारनं डीजे सांगितलाय. होळी शिस्तीत, बोंब बंद. कुणी बोंब ठोकतंय का बघाय म्या दारोदार फिरलो. कुंडलिकच्या घरकुलाचं अडलंय, गेनूला दाखला पाहिजे, सगळ्यांना सरपंचाची सही पाहिजे. आबा, तुमचं खरं हाय, पण आमचं नाव नगा घिऊ, असं कानात सांगत्यात. माझ्या उभ्या जन्मात वाडीत एवढी कुजबुज म्या ऐकली न्हाई. आन् बाळाबाई म्हणाली, "आबा, गढूळ पाणी सोसंल, पर मला खोटी ठरवली ते न्हाई सोसवत." म्या तिचा हंडा तेवढा उचलून दिला.

बाकी सगळं ठीक. नातवंडांना गोड पापा.

तुझा,
चिमाजी

ता. क. आता काम सांगतो. मला बोंब मारता येत न्हाई, म्या बाप पडलो. तू परका हायेस (वाईट वाटून घिऊ नगंस, आज उपयोग हाय) आन् गावात तुझा एकबी कागद अडकलेला न्हाई. होळीला भोरवरनं मुक्कामाची एस.टी. धर. डीजेच्या वर जाणारा गळा अख्ख्या तालुक्यात तुझाच हाय.

आणखी ता. क. पत्र टपालात टाकाय कुमारकडंच देतोय. पाकीट चिकटवायचं म्या मुद्दाम विसरलोय.

सावळारामकाका, नमस्कार. आबांचं पत्र वाचलं. टाकीचं काम उद्यापासून लावतोय. बाळाबाईंना ग्रुपमध्ये परत घेतलं आहे आणि पाणी खराबच होतं असं तिथं लिहिलंही आहे. तेव्हा या वयात एवढ्या लांब येण्याची तसदी घेऊ नये. आपला, कुमार.

सावळ्या, पाकीट चिकटवाय फिरून माझ्याच हातात आलंय. वरचं वाचलंस न्हवं? आईच्या वळणावर गेलंय पोरगं, बरं वाटलं. पण ग्रुपात अजून तो एकटाच बोलतोय, आन् मला घेतलेलंच न्हाई. तू ये. टाकी झाली तरी ये. पुरणपोळी कुमारच वाढंल. गुळण्या सोडू नगंस.