पुसलेल्या पाट्यांचा रंग

ती. भाऊजींना,

वाकून नमस्कार. तुमचं आणि ताईचं कसं चाललंय? ताईचा गुडघा जिना चढू देतो का? तिला म्हणावं, मी वेळेवर जेवतो. (वेळ चुकते ती झोपेची.) काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, एवढं आधीच स्पष्ट करतो, म्हणजे तुम्ही निवांत वाचाल.

मी सरकारी कचेरीत दारांवरच्या पाट्या रंगवतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शिक्षण अर्धवट राहिलं, तरी माझ्या पाटीत ऱ्हस्व-दीर्घाची चूक आजवर कुणाला सापडलेली नाही. सध्या मात्र मला पाट्या पुसायला लावलं आहे. कारण सरकारला तूट आली आहे. तूट म्हणजे नसलेले पैसे, आणि ते दरवर्षी वाढतात, असं काटकसर विभागाचे साहेब सांगतात. (नसलेली गोष्ट वाढते कशी, हे विचारायचं धाडस झालं नाही. पण डोळे मिटले की ती कचेरीच्या पायाखाली कुठेतरी हळूहळू फुगते आहे, असं वाटत राहतं.) म्हणून एकेक विभाग बंद होतो आणि त्याच्या पाटीवर मी पांढरा रंग फिरवतो. शेवटची पाटी पुसली की माझी जागाही रद्द, असा हुकूम आहे. त्यामुळे माझा ब्रश सध्या किती सावकाश चालतो, ते पाहायला तुम्ही हवे होता.

शुभारंभ मंत्र्यांच्या हस्ते झाला. 'एकही विभाग बंद होऊ देणार नाही' म्हणून निवडणुकीपूर्वी ज्यांनी आमच्या फाटकाबाहेर गळा काढला होता, तेच हे मंत्री. आणि बंद करायची कल्पना मुळात ज्यांची, ते आधीचे मंत्री आता फाटकाबाहेर गळा काढत होते. (घोषणा त्याच, माणसं तेवढी आतबाहेर झाली.) 'पाट्या पुसण्याचा शुभारंभ' अशी भली मोठी पाटी तीन रंगांत मीच रंगवली. त्यात वर्षभराच्या रंगाची तरतूद संपली. उरलेल्या पांढऱ्यात पाणी घाल, असं साहेबांनीच सांगितलं.

तिथेच घोळ झाला. तो पाणचट रंग वाळला, की दुपारच्या उन्हात खालची अक्षरं हळूच वर येतात, पाण्याच्या तळाशी काहीतरी हलावं तशी. कचेरीचा सगळा बोळ पांढरा, शांत, आणि त्यात 'तलाव विभाग' धूसर तरंगत असतो. लोक येतात, डोळे बारीक करून पाहतात, दार ठोठावतात. आतल्या बाईंना कुठे पाठवायचं हे अजून ठरलेलं नाही, त्यामुळे त्या आतच बसलेल्या असतात. सवयीने 'या' म्हणतात आणि काम होऊन जातं! परवा एक आजोबा आले. मी म्हणालो, "आजोबा, हा विभाग बंद झालाय." "झाला असेल रे, पण दिसतोय ना!" असं म्हणत ते आत गेलेसुद्धा. नंतर बाई मला म्हणाल्या, "पेंटर, तू रंग लावतोस की धुकं?" मला ते बोलणं दिवसभर पुरलं.

काटकसर विभागाचे साहेब मात्र भडकले. "बंद केलेले विभाग कामं करतातच कशी? चालू होते तेव्हा तर करत नव्हते!" आता त्यांनी उत्तम, दाट रंग बाहेरून आणायचा हुकूम काढला आहे. तो आला की बोळ कोरा, आणि मी घरी. तरीही मी म्हणालो, "साहेब, आमच्या भाऊजींचं रंगाचं दुकान आहे, तिथूनच मागवतो." तेवढाच धंदा घरात.

ताईला नमस्कार. काळजी नसावी. (ती मी करतो आहे.)

तुमचा मेहुणा

ता. क. – भाऊजी, दुकानात जो सर्वांत पाणचट पांढरा असेल, तो उत्तम रंगाच्या डब्यात भरून पाठवाल का? झाकण घट्ट बसवा. ताईला सांगू नका.

आणखी एक ता. क. – पाकीट चिकटवणार, तेवढ्यात साहेबांनी बोलावलं. आज काटकसर विभागही बंद झाला. "डबा आला की पहिलं माझं दार," ते म्हणाले. मी निघालो, तर उठून दारापर्यंत आले आणि माझ्या कानाशी पुटपुटले, "फार दाट नको रे." तेव्हा डबे दोन पाठवा.