बिछायत केंद्राचं कंटेंट कॅलेंडर

३० मार्च, गुढीपाडवा
संकल्प: आजपासून धंदा ऑनलाइन. फुकटचा वेबिनार पाहिला, 'बिझी दुकानदारांसाठी कंटेंट मार्केटिंग'. मी दुकानदार आहे, बिझी आहे, म्हणजे माझ्यासाठीच होता. सार असं की ग्राहकाच्या मागे धावायचं नाही. कंटेंट टाकायचा, ग्राहक आपोआप येतो. कंटेंट एआय लिहितं. आपण फक्त सातत्य ठेवायचं.

रुपराव बिछायत केंद्र, सक्करदरा. खुर्च्या, गाद्या, मांडव, भांडी भाड्याने. बाबांनी उभं केलं. त्यांना कंटेंट माहीत नव्हता, ते नुसते लोकांच्या दारात जाऊन उभे राहायचे. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. मी रडलो नव्हतो. बायको, उत्तरा, म्हणते, मांडव बांधायच्या गडबडीत तुमचं रडणंच राहून गेलं. असेल.
रोजनिशीही आजपासून रोज.

४ एप्रिल
रोज जमलं नाही. लोगोचं काम होतं. एआयने काढलेल्या खुर्चीला पाच पाय आले. पाचवा पाय स्थैर्याचं प्रतीक म्हणून ठेवला.

महिन्याभराचं कंटेंट कॅलेंडर अर्ध्या मिनिटात मिळालं. आरोग्य दिन, पृथ्वी दिन, पुस्तक दिन. पुढे मे महिन्याचंही मागून घेतलं. एक दिवस रिकामा नाही. इतकं नियोजन या दुकानात आजवर कोणी केलं नसेल.

धोंडबा, बाबांच्या वेळचा आमचा माणूस, म्हणाला, मालक, गाद्यायले ऊन दाखवा लागते. म्हटलं दाखव, मी रील काढतो. सहा टेक झाले. मधे मधे फोन वाजत होता, सायलेंट केला.

८ एप्रिल, दुपारी ३
ऊन फार. फोन थांबत नाही. लोकांना वाटतं आपण रिकामेच बसलोय. शेवटी दुकानाच्या नंबरवर चॅटबॉट लावला. मेसेज आला की तोच बोलतो. यापुढे फोन उचलायचा नाही, हे धोरण. उत्तरालाही सांगितलं, काही असेल तर त्या नंबरवर टाक. ती म्हणाली, अन् घरचं? म्हटलं, घरचंही. काही निसटणार नाही.

११ एप्रिल
बॉटकडे पहिली ऑर्डर! मागच्या गल्लीतल्या मीराबाईंनी नवऱ्याच्या तेरवीसाठी मांडव आणि खुर्च्या मागितल्या. बॉटने लिहिलं, अभिनंदन, आपला खास दिवस अविस्मरणीय करू या. सोबत फुगे, सेल्फी पॉइंट आणि डीजेचं पॅकेज पाठवलं.

त्यांचा मुलगा दुकानात आला. ओरडला नाही. म्हणाला, रुपरावकाका असते तर मेसेजचं कामच नव्हतं पडलं, सतरंजी घेऊन तेच आले असते. मग चौकातल्या भैय्याजीकडे गेला. भैय्याजीचाही बिछायतीचाच धंदा. त्याचं फेसबुकवर पानसुद्धा नाही.

वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बॉटला समज दिली. आता 'तेरवी' दिसलं की तो 'भावपूर्ण श्रद्धांजली' म्हणेल. लगेच सॉरी म्हणाला. धोंडबा कधी म्हणत नाही.

१५ एप्रिल
काल जयंती. धम्मानंदभाऊंच्या मंडळाचं स्टेज बाबांच्या काळापासून आमचंच. यंदा भैय्याजीचं लागलं. चौकात भाऊ भेटले. म्हणाले, काहून गा, फोन काहून नाही उचलत? किती दिवसांपासून लावून राहिलो. म्हटलं, मेसेज टाकायचा ना. म्हणाले, टाकला होता. तुह्या मशीननं सांगितलं, आमची टीम चोवीस तासात संपर्क करेल. कोन टीम?
टीम म्हणजे मीच. हे त्यांना सांगितलं नाही.

फॉलोअर मात्र वाढले. बरेचसे एकाच दिवशी परदेशातून आले. त्यांच्याकडे लग्नं कधी असतात ते पाहायला हवं.

१८ एप्रिल
'आमची गोष्ट' हे पान लिहायचं होतं. एआयने लिहिलं, पावसात भिजणारं एक वऱ्हाड पाहून रुपरावांचे डोळे पाणावले आणि त्यांनी एका स्वप्नाला मांडवाची सावली दिली.

असं काही झालं नव्हतं. बाबा कळमन्याच्या धान्यबाजारात पोती उचलायचे. कुठल्याशा लिलावात जुन्या लोखंडी खुर्च्या स्वस्तात मिळाल्या. लग्नात खुर्च्या एकमेकांत मिसळून जातात, म्हणून प्रत्येकीच्या पाठीवर त्यांनी स्वतः ब्रशने नाव घातलं. अक्षर वाकडं. बस, इतकंच.
एआयचं टाकलं. उत्तराने वाचलं आणि म्हणाली, हे कोन आहे?

जाता जाता विचारलं, चोवीस तारखेचं काय ठरवलं? म्हटलं, नंबरवर टाक.

२१ एप्रिल
उत्तराचा मेसेज आलेला दिसतो. उघडला नाही. बॉट बघतो. मोठे उद्योजक असंच करतात, सगळं स्वतः पाहत बसत नाहीत. उद्या पृथ्वी दिन, त्याची पोस्ट बाकी आहे.

२४ एप्रिल
सकाळी आंघोळ करून बाहेर आलो तर अंगणात मांडव. खुर्च्या, सोयरे, गुरुजी. पाटावर हार घातलेला बाबांचा फोटो. वर्षश्राद्ध. तिथीने आज.

तारखेने ४ मे येते. ती माझ्या लक्षात होतीच. खात्रीसाठी कॅलेंडर उघडलं. ४ मे: जागतिक हास्य दिन, मजेदार रील.

उत्तराला म्हटलं, घरचं दुकान असताना दुसऱ्याचा मांडव? ती म्हणाली, तुमालेच सांगितलं होतं नं, त्याच नंबरवर. मोबाइल समोर धरला. तिने लिहिलं होतं, बाबांचं वर्षश्राद्ध आहे, खुर्च्या लागतील. खाली उत्तर: अभिनंदन! एक वर्ष पूर्ण! आमची टीम चोवीस तासात संपर्क करेल.

पूजेला बसलो. गुरुजी सांगतील तसं पाणी सोडलं. मग मागच्या रांगेत गेलो. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर 'भैय्याजी'. तिच्या पुढच्या खुर्चीवरही 'भैय्याजी'. कोपऱ्यात मात्र एक आमची सापडली, कुठल्यातरी लग्नात त्यांच्यात गेलेली. वाकड्या अक्षरात 'रुपराव'. तिच्यावर एक सोयरे बसले होते. ते जेवायला उठेपर्यंत उभा राहिलो, मग बसलो. बाबांची फार आठवण आली. दुपारभर तिथून हललो नाही.

संध्याकाळी भैय्याजीचा माणूस खुर्च्या न्यायला आला. ही पण द्या, म्हणाला. मी पाठीवरचं नाव दाखवलं. तो म्हणाला, नाव कोनाचंबी असो, आमच्या गिनतीत आहे. धोंडबाने माझ्याकडे पाहिलं. माणसाचं बरोबर होतं. मी उठलो.
त्याने ती घडी करून गाडीत टाकली. गाडी वळेपर्यंत रस्त्यावर उभा होतो. फोटो काढायचं सुचलं नाही.