तीनशे अठरावं संयुग आणि तुझा फोन

ती. ताईस,

रुसलेली असलीस तरी साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? (माझे तसेच. जिना दिसला की कुरकुरतात.)

शाळेत प्रार्थनेच्या वेळी बोललो म्हणून सिस्टरनी आपल्याला जिन्याखाली उभं केलं होतं, आठवतं? हातात घड्याळ घेऊन म्हणाल्या, बघू किती वेळ गप्प राहता. चार मिनिटं टिकलो. मग माझ्या वेणीची रिबीन बांधता बांधता तूच हसलीस. या खेपेला आपण सात महिने टिकलोय. सिस्टर असत्या तर बक्षीस दिलं असतं.

इकडचं सांगते. वाळूमाशी चावते, अंगात परजीवी शिरतो, प्लीहा फुगते आणि माणूस वाळत जातो, त्या आजारावर आम्ही औषध घडवतो हे तुला ठाऊकच आहे. दारावरच्या पितळी पाटीवर ‘दुर्लक्षित आजार विभाग’ असं कोरलंय आणि वरचे लोक पाटीचा मान राखतात. (छत तीन वर्षं गळतंय.) तीनशे सतरा संयुगं केली. काहींनी परजीवी धष्टपुष्ट झाले, काहींनी उंदीर गेले. तीनशे अठराव्याने परजीवी मेले आणि उंदीर खायला मागू लागले. साहेबांनी लगेच केक कापला, फ्लास्क उंचावून फोटो काढला. (आत साबणाचं पाणी होतं. खरं संयुग म्हणजे चिमूटभर पांढरी भुकटी, फोटोत दिसली नसती.)

पुढे ते परत काही जमेना. पाच वेळा केलं, पाचही वेळा चिकट गोळा. समिती बसली. एकाने पाण्याला दोष दिला, दुसऱ्याने हवेला, साहेबांनी माझ्या वयाला. मूळ पदार्थ आता एकाच खेपेपुरता उरलाय. ती फसली की फाईल कपाटात. आणि तिकडे वॉर्डात शाळेची बस चालवणारी एक बाई पडून आहे, जुनी औषधं तिला लागू पडत नाहीत. तिचा डॉक्टर दर सोमवारी फोन करून एवढंच विचारतो, “झालं का?” मी त्याला उंदरांची खुशाली सांगते.

आता खरं सांगते. प्रयोगशाळेत फोन आणायला बंदी आहे. तसा फलक मीच लावलाय, खाली सही माझीच. तीनशे अठरावं पहिल्यांदा केलं त्या मंगळवारी तापवणं तासाभराने थांबवायचं होतं. पाच मिनिटं उरली असताना तुझा फोन आला आणि मी व्हरांड्यात गेले. आईच्या वस्तूंवरून आपण जे बोललो ते बोललो. परत आले तर पिवळं द्रावण लालभडक झालेलं, आणि माझे डोळेही. वहीत लिहिलं, ‘एक तास तापवलं.’ तीस वर्षांच्या नोकरीतलं एकच खोटं, आणि औषध नेमकं त्यातच लपलंय.

माफी मागायला लिहीत नाहीये. चूक तुझी होती हे माझं मत कायम आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझ्या फोनमध्ये तो मंगळवार शोध. किती वेळ बोललो ते त्यात दिसतं. (माझ्याकडे नाही. रागाच्या भरात तुझं नाव, नंबर, सगळं पुसून टाकलं, म्हणून तर पत्र.) तू जन्मात काही टाकून देत नाहीस, त्यावरूनच आपण भांडलो. आता सगळी भिस्त त्याच सवयीवर.

आणखी एक. आकडा साहेबांना कळवू नकोस, त्यांना केक आवडतो. मलाच कळव. वहीतलं खोटं खोडून, फोनचं कारण लिहून, खाली सही मी करीन. मग फलकासकट मला काढलं तरी चालेल.

आईच्या वस्तूंचं असं कर. भिंतीवरचं घड्याळ तू ठेव. शिवणयंत्र तुझ्या सुनेला दे, निदान ती शिवते तरी. चष्मा कोणालाच नको होता, तो माझ्याकडे राहू दे. आणि मिनिटं मला पाठव. सेकंदांसकट.